डाव्या बाजूचं पाणी

आमच्या वन्संनी जन्मात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त इंजिनाचं. आईवडिलांचं ऐकलं नाही, थोरल्या भावाचं ऐकलं नाही, स्थळं घेऊन येणाऱ्या पावण्यांचं तर चहा संपायच्या आत फेटाळलं. डॉक्टरांनी गुडघ्याला विश्रांती सांगितली तर ह्या त्यांनाच विचारतात, "तुमचा स्वतःचा गुडघा किती वर्षांचा हाय?" पण सकाळी बोळात गाडी सुरू करून बॉनेट वर केलं, की ह्याच बाई डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून, गवयाची पहिली तान ऐकावी तशा तल्लीन होतात. मध्ये कुणी बोललं तर हात वर. तरीही बोललं तर शिट्टी. ही शिट्टी त्यांच्या गळ्यात असते. मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या. नोकरी संपली, शिट्टी राहिली. उभी शिवाजी पेठ त्यांना 'बाई' म्हणते. मी वन्सं म्हणते, कारण त्या माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वयानं आम्ही बरोबरीच्या, पण नणंदेचं नातं वयाला कुठं जुमानतं.

मी ह्या घरात सून म्हणून आले तेव्हाची मी आठवली की मला आजही हसू येतं. नाशकाकडची, मराठी घेऊन बी.ए. झालेली, केसांत शेवंती आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक 'अय्या'. 'अय्या' म्हणण्याची परीक्षा असती तर मी विद्यापीठात पहिली आले असते. लग्नाची हळद अजून अंगावरून गेली नव्हती आणि एका दुपारी पाहते तो काय, माहेराहून आलेलं माझं शिलाई मशीन वन्संनी पार सुटं करून वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेलं. "लई कुरकुरत हुतं, वैनी. म्हटलं बघावं." मी म्हटलं, "अय्या, आता हे परत जुळणार का?" तर म्हणाल्या, "न्हाय जुळलं तर हातानं शिवा की." मी आतल्या खोलीत जाऊन रडले. शिवाय ही मुलगी 'मी जातो', 'मी बघतो' असं बोलते ह्याचाही मला हादरा बसला होता. कोल्हापुरात बायका असंच बोलतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवेलागणीपर्यंत मशीन जुळलं, आणि ते अजून चालतं. एक स्क्रू तेवढा उरला. तो माझ्या तळहातावर ठेवून वन्सं म्हणाल्या, "ह्यो त्यांनी उगंच घातलेला." कंपनीवाले प्रत्येक यंत्रात एक स्क्रू जास्तीचा घालतात, हा त्यांचा सिद्धांत आहे, आणि तो खोटा ठरवायला आजवर कुणी धजावलेलं नाही.

गाडी आली ती वन्सं निवृत्त झाल्यावर. लांबट, मागं ऐसपैस डिकी असलेली, मोतिया रंगाची. गाडी त्यांच्या नावावर, पण घरातल्या प्रत्येक लग्नाला, बारशाला आणि दवाखान्याला तीच. माझी तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती, म्हणजे थोडीफार अक्कल यायला हरकत नव्हती. पण नाही. मी डाव्या सीटवर काळा चष्मा लावून, कोपर खिडकीबाहेर काढून बसायची आणि ओळखीचं कुणी दिसलं की मुद्दाम दुसरीकडे बघायची, म्हणजे त्यांनी मला नीट बघून घ्यावं. वन्संनी मला गाडी शिकवायचाही घाट घातला होता. फुटबॉलच्या मैदानाशेजारी मोकळ्या जागेत नेलं, क्लच समजावला, ब्रेक समजावला. क्लच सोडायची वेळ आली की मी डोळे मिटायची. गाडी पुढं सरकली की तिला "थांब, थांब" म्हणायची. वन्संनी शिट्टी वाजवली, खाली उतरल्या, माझं दार उघडलं आणि म्हणाल्या, "वैनी, तुम्ही डाव्या बाजूलाच शोभता." तेव्हापासून मी डावीकडे आहे आणि शोभते आहे.

ह्या गाडीला वन्संशिवाय फारसा कुणाचा हात लागलेला नाही. तेल त्या बदलतात, प्लग त्या काढतात, आणि प्लग घासायला ह्यांचा दात घासायचा ब्रश घेतात. ब्रश नाहीसा झाला की आमचे हे काही न बोलता कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणतात. भावाबहिणीत आजवर भांडण झालेलं नाही ते ह्यामुळेच. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली की तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं असतं. त्यासाठी एकदा, विहीणबाई पहिल्यांदा घरी आलेल्या असताना, वन्संनी गॅसवरचं चहाचं आधण उचलून नेलं. विहीणबाई वाट बघून सरबतावर गेल्या. पण सगळ्यात मोठा छळ माझ्या लाटण्याचा. इंजिनात नको तो आवाज यायला लागला की वन्सं लाटण्याचं एक टोक इंजिनाच्या धडाला लावतात आणि दुसरं स्वतःच्या कानाला. म्हणे लाकडातून आवाज स्वच्छ येतो. "ऐका, बेअरिंग रडतंय," म्हणून मलाही ऐकायला लावतात. मला लाटण्यातून फक्त चपात्यांची काळजी ऐकू येते. घरात आता दोन लाटणी आहेत, एक चपातीचं आणि एक इंजिनाचं. कोणतं कोणतं, ह्याबद्दल मी पावण्यांसमोर बोलत नाही.

त्यांच्या दुरुस्तीचा शेवट ठरलेला. हात धुवायचे आणि पूजा करायची. देवळात जायचा त्यांना कंटाळा. देवीला गर्दीत भेटू नये, म्हणतात. पण मुलींना त्यांनी आयुष्यभर मैदानात उतरण्याआधी मातीला हात लावून नमस्कार करायला शिकवलं, आणि गाडी हे त्यांचं मैदान. नवा बेल्ट बसला, हळदकुंकू. नवी बॅटरी आली, हळदकुंकू. दसऱ्याला तर विचारू नका. बॉनेटवर मूठमूठ हळद, मूठमूठ कुंकू, वर अक्षता, आणि काचेखाली वायपरपाशी झेंडूचा हात दीड हात जाड हार. तो हार कुणी काढायचा नाही, हा नियम. वाळून, कुस्करून, आपोआप जाईल तेव्हा जाईल. "गाडीनं वर्सभर वाहिलं आपल्याला, आणि फुलं दुसऱ्या दिवशी ओरबाडायची व्हय?" दिवाळी सरते तरी आमची गाडी नुकत्याच लग्न लागलेल्या नवऱ्यासारखी पेठेतून हिंडत असते.

तर दोन पावसाळ्यांपूर्वी डाव्या बाजूला पाणी यायला लागलं. डाव्या बाजूला म्हणजे माझ्या पायाशी. पाऊस पडून गेला किंवा गाडी धुतली, की चटईखाली पच्च. आधी थोडं, मग माझी चप्पल भिजेल इतकं. मी दोन्ही पायांत दुकानातल्या पिशव्या बांधून लग्नांना जायला लागले. मांडवाच्या दारात पिशव्या सोडून वन्संच्या हातात द्यायच्या आणि मग आत शिरायचं. वन्संनी दारांची रबरं बदलली, काचेच्या कडेला डिंक भरला, मला आत बसवून बाहेरून पाइपानं पाणी मारलं आणि ओरडून विचारलं, "कुठनं येतंय?" मी आतून ओरडले, "सगळीकडनं." ही माहिती त्यांना उपयोगाची वाटली नाही. मधूनच पंखा लावला की समोरच्या जाळीतून वाऱ्याबरोबर एखादा नारिंगी कपटा उडून यायचा. झेंडूची पाकळी. गाडीत फूल नाही, हार नाही, आणि पाकळी थेट माझ्या मांडीवर. मी देवीचा कौल समजून ती कपाळाला लावायची आणि पर्समध्ये ठेवायची. वन्संना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पर्सच सुटी करून वर्तमानपत्रावर मांडली असती.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या मुलानं, संग्रामनं, जेवताना विषय काढला. त्यानं नवी गाडी ठरवली होती, दसऱ्याला घरी आणायची. आमच्या बोळात गाडी लावायला जागा एकच. शिवाय जुन्या गाडीला पंधरा वर्षं होत आलेली, म्हणजे तिचं पुन्हा पासिंग करून घ्यायचं. "आत्ती, आता पुरे कर," तो म्हणाला. "पासिंगला आरटीओचे साहेब खाली वाकून बघतात. तळ कुजलाय, नापासच हुणार. त्यापेक्षा भंगारात घालू. तुला कुठं जायचं असलं की मी सोडतो की."

वन्संनी भाकरी मोडायची थांबवली. "सोडतो म्हंजे? मी काय पार्सल हाय?"

"तसं न्हाय गं..."

"तुला सवड असंल तवाच मी माझी कामं काढायची. मैत्रीण आजारी पडली तर तिला सांगायचं, जरा आयतवारपातूर दम धर, माझा भाचा मोकळा न्हाय." मग ताट बाजूला सारून त्यांनी निकाल दिला. "पासिंग झालं तर गाडी हितंच ऱ्हाईल, तुझी तू जागा बघ. न्हाय झालं तर मी स्वतः चालवत न्हिऊन भंगारवाल्याच्या दारात लावतो. कुणी ढकलाय यायचं न्हाय."

संग्राम म्हणाला, "ठरलं." आमच्या ह्यांनी पाणी प्यायलं. त्यांचं मत कुणी विचारलं नाही आणि त्यांना त्याचं समाधान दिसलं.

वन्संना मदतीला म्हणून चालणारा एकच माणूस, मिरासाहेब मिस्त्री. त्यांचं गॅरेज आमच्या बोळाच्या तोंडाला आहे. मदत म्हणजे असं, की मिरासाहेब जे सांगतील त्याच्या उलट वन्सं करतात, आणि दोघांचंही समाधान होतं. ते दुसऱ्या दिवशी आले, गाडीखाली सतरंजी टाकून शिरले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि बोटावरचं पाणी वन्संना दाखवलं. तांबूस पिवळं, गढूळ.

"बाई, ह्यो गंज हाय. पत्रा आतनं गेलाय. कापायचा, नवा डकवायचा, आणि तरीबी साहेबाच्या मनात आलं तर पास, न्हाय तर न्हाय. माझं ऐकाल तर..."

"तुझं कवा ऐकलंय मी?"

"न्हाय ऐकलं, पण ह्या टायमाला ऐका."

आणि वन्सं काही बोलल्या नाहीत. एवढ्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मिरासाहेबांनाही ते झेपलं नाही. आपणच काहीतरी वाईट बोललो असं वाटून ते सतरंजी तिथंच विसरून गेले. संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर वन्सं गाडीत, चालवायच्या जागी बसलेल्या. गाडी बंद. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मी डावीकडचं दार उघडलं, पाय वर घेऊन बसले, कप त्यांच्या हातात दिला.

"वैनी," त्या म्हणाल्या, "मागं बसून बाहेर बघायला मला येतच न्हाय वो. मला पुढचा रस्ता दिसाय लागतो."

मी म्हटलं, "चहा गार होतोय." दुसरं काय म्हणणार.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे धुवायला बसले. डाव्या बाजूच्या पाण्यानं माझ्या दुधी रंगाच्या साडीचा काठ मळला होता, मळकट पिवळा डाग. तोंडानं मिरासाहेबांच्या गंजाला नावं ठेवत मी डागावर साबण घासला. आणि डाग लाल झाला. चांगला लालभडक. मी साबण खाली ठेवला. पुन्हा उचलला, दुसऱ्या टोकाला घासला. तिथंही लाल.

आता हे ज्यांना माहीत नाही ते स्वयंपाकघरात कधी उभे राहिलेले नाहीत. लोखंडाचा गंज साबण लावल्यानं लाल होत नाही. साबण लागल्यावर लाजून लाल होणारी जगात एकच गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती मी रोज फोडणीत घालते. मी ओली साडी तशीच हातात घेऊन बोळात धावले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मला धावताना बघून समोरच्या तालमीतली पोरं जोर काढायची थांबली.

"वन्सं, गंज न्हाई हा. हळद आहे."

वन्संनी डागाकडं बघितलं, साबण मागितला, स्वतः घासून बघितला. कुणाचं म्हणून ऐकायचं नाही. मग हळूच म्हणाल्या, "गाडीच्या पोटात हळद कुठनं आली?"

तेव्हा मी घरातून पर्स आणून उघडली आणि कौल म्हणून जपलेल्या पाकळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्या वाळून कोळपल्या होत्या, पण झेंडू ओळखू येत होता. "ह्या आतल्या जाळीतनं येतात," मी म्हटलं. "पंखा लावला की." वन्संनी माझ्याकडं जी नजर टाकली ती मी शब्दांत सांगणार नाही. पुरावा देवाचा म्हणून पर्समध्ये ठेवणाऱ्या भावजयीला त्यांनी मनातल्या मनात कुठल्या मैदानाला किती फेऱ्या मारायला लावल्या असतील ते त्याच जाणोत. मग त्यांनी पाना घेतला.

काचेच्या खाली, वायपरच्या पुढं एक काळी जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत येते, आणि पावसाचं पाणी तिथून पडून बाजूच्या एका भोकातून रस्त्यावर जातं. जावं अशी अपेक्षा असते. वन्संनी वायपर काढले, जाळी उचलली, आणि आम्ही दोघी आत वाकलो. आत शेत होतं. सगळ्या दसऱ्यांची फुलं, सगळ्या बेल्टांचं आणि बॅटऱ्यांचं हळदकुंकू, अक्षता, धूळ, सगळं कुजून काळीभोर माती झाली होती. पाणी जायचं भोक त्या मातीनं गच्च लिंपलेलं. वाट बंद झाल्यावर पाणी दुसरी वाट धरून माझ्या पायाशी येत होतं. आणि त्या मातीत, बॉनेटच्या सावलीत, पिवळट पोपटी, किडकिडीत अशी झेंडूची रोपं उभी होती. अक्षता तेवढ्या उगवल्या नव्हत्या, नाहीतर भातलावणीच करावी लागली असती.

मिरासाहेब आवाजानं आलेच होते. त्यांनी आत बघितलं, टोपी मागं सारली. "बाई, ह्यो रोग मी पयल्यांदा बघतोय."

"रोग काय म्हणतोस? माझ्या गाडीनं एक फूल वाया घालवलं न्हाय, बघ." वन्संचा आवाज पुन्हा मैदानावर पोचला होता. "आणि तू म्हणे गंज."

"तुम्हीच घातलेली की फुलं."

"मग? मी घातली, मी काढली."

आतली चटई उचलली तेव्हा तळाचा पत्रा पिवळाधमक निघाला. पुसला तर खाली सगळा शाबूत. वन्संनी भोक सायकलच्या तारेनं मोकळं केलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी गाडीखाली रस्त्यावर धारेनं पडलं आणि त्या धारेकडं आम्ही तिघं असं बघत राहिलो जसं काही ते पहिल्यांदाच वाहत होतं. रोपं वन्संनी मुळासकट काढली आणि तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाला भोकं पाडून त्यात लावली. ह्या खेपेस भोकं जरा जास्तच पाडली.

पासिंगला मी बरोबर गेले, डावीकडे. साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न बघितला, खाली वाकले, चटई उचलायला लावली. वन्सं हाताची घडी घालून, शिट्टी गळ्यात, अशा उभ्या की परीक्षा साहेबांचीच चालली आहे. गाडी पास झाली. साहेब तरुण होते, भले होते. सहज म्हणाले, "आजी, आता पाच वर्षांनी यायचं. तेव्हा कोण आणणार गाडी?"

"मीच की," वन्सं म्हणाल्या. "तुमची बदली झाली नसली तर भेटू."

साहेब हसले. वन्संही हसल्या. परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या समोर बघतच म्हणाल्या, "वैनी, पुढच्या पासिंगलाबी तुम्ही यायचं."

"मी कशाला?"

"डाव्या बाजूला कुणीतरी नको व्हय? गाडी एकीकडं कलती."

संग्रामनं शब्द पाळला. त्याची नवी गाडी आता त्याच्या सासऱ्यांच्या अंगणात, कसबा बावड्यात राहते, आणि तिला भेटायला तो रोज सकाळी स्कूटरवरून जातो. दसऱ्याला तो म्हणाला, "आत्ती, ह्या वर्षी बॉनेटवर काय नको." वन्संनी त्याचं ऐकलं नाही, हे सांगायला नकोच. त्यांनी फक्त काळ्या जाळीवर आधी ओला पंचा अंथरला, कडेनं नीट दाबला, आणि मग हळद मूठ, कुंकू मूठ, अक्षता मूठ. हार ह्या खेपेला लहान होता. तेलाच्या डब्यातल्या रोपांना तेवढीच फुलं आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचा चारी कोपऱ्यांनी उचलला आणि डब्यातच झाडला.

आता माझे पाय कोरडे असतात. पिशव्या मी घडी करून ठेवून दिल्या. तरी गाडीत बसताना अजून पाय आपोआप वर जातात आणि पंखा सुरू झाला की हात जाळीसमोर जातो. एखादी पाकळी येईल म्हणून. येत नाही. वन्संनी काम चोख केलंय.

"काय वो वैनी, गरम हुतंय?" वन्सं रस्त्यावरची नजर न काढता विचारतात.

"न्हाई," मी म्हणते. "असंच. तुम्ही चालवा."